पिवळ्या झाकणाचे चार दिवस

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं उंदरांना मका खायला घातला. जनुकं बदललेला मका माणसांच्या ताटात नि गुरांच्या गव्हाणीत जायच्या आधी आमच्याकडे यायचा. पांढऱ्या उंदरांच्या एका गटाला नव्वद दिवस तो मका, दुसऱ्याला त्याच जातीचा साधा. रोज सकाळी उरलेलं खाद्य वजन करून रजिस्टरमध्ये लिहायचं. रक्त, लिव्हर हे सगळं शेवटी. आत काही बिनसलं असेल तर ते बहुतेक वेळा खाण्यावरून आधी कळतं.

खाद्य घालायला एक मामा होते, मालवणकडचे, कंत्राटावरचे. वडील गिरणीत होते, हे उंदरांत. "माजो पगार उंदीर देतत," असं म्हणायचे. साध्या मक्याच्या डब्याला हिरवी टेप, बदललेल्याला पिवळी. टेप झाकणावर असायची, डब्यावर नाही. मामा एका वेळी एकच झाकण धुवायचे. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी शिमग्याला मामा गावी गेले, घरी पालखी यायची होती. बदली माणूस आला नाही. मीच खाद्य घालत होते. पहिल्याच दिवशी मी दोन्ही झाकणं एकदम धुतली.

चार दिवसांनी मामा आले. डब्यांकडे बघत उभे राहिले.

"मॅडम, झाकणा बदलली काय ओ? चेपलेलो डबो पिवळ्याचो."

ते आकडे रजिस्टरमध्ये उतरवायचे राहिले होते; मी ते टिपलेला कच्चा कागद काढला. पिवळ्या गटातले उंदीर सुरुवातीपासून थोडं खाद्य न खाता टाकायचे. त्या चार दिवसांत त्यांनी सगळं संपवलं होतं, आणि हिरव्या गटातल्यांनी टाकलं होतं. मी आकडे लिहिले होते, वाचले नव्हते.

"तरीच," मामा म्हणाले. "चार दिवस ह्ये बरे खायत होते. लिवा तसा."

डबा बदलला तसं उरणंही बदललं; आम्ही न ठरवता केलेली ती सगळ्यात स्वच्छ चाचणी होती. मक्यात दोष होता असं मी आजही म्हणत नाही. खाद्य खवट असेल, दळताना काही झालं असेल. पण तपासायला हवं होतं, आणि त्यासाठी माझी चूक लिहायला हवी होती. ती लिहिली तर नवे उंदीर, नव्वद दिवस पहिल्यापासून. त्या महिन्यात मला बढती मिळायची होती. सरांनी आधीच सांगितलं होतं, "यात घोळ झाला ना, तर तू आणि मी दोघंही घरी."

मी रजिस्टरमध्ये चार दिवसांचे रकाने उलटे उतरवले. आकडे छान जुळले. तपासणारी म्हणून मी सही केली. खाद्य घालणारा वेगळा हवा असा नियम, म्हणून त्याच्या सहीची जागा रिकामी होती. मी रजिस्टर मामांपुढे सरकवलं.

"पण मी गावाक होतंय," मामा म्हणाले.

"सगळीकडे असंच करतात, मामा."

त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून चार सह्या केल्या.

दोन महिन्यांनी बाहेरून तपासणीवाले आले. त्यांनी रजेचा तक्ता आणि रजिस्टर शेजारी ठेवलं. सरांनी मला विचारलं, "मग त्या दिवसांत खाद्य घातलं कोणी?" मामा समोरच उभे होते. मी म्हणाले, "मला माहीत नाही, सर. सही होती, म्हणून मी पुढची केली." मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "चुकी झाली माजी." त्याच आठवड्यात त्यांना काढलं. ते चार दिवस अहवालातून वगळले. उरलेल्या दिवसांबद्दल लिहिलं गेलं: पिवळ्या गटाचं खाणं किंचित कमी, चवीमुळे असावं. मला बढती मिळाली.

कच्चा कागद मात्र मी फाडला नाही. का, ते सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात कांजूरमार्गला त्यांच्या खोलीवर गेले. दुपारची वेळ, कचऱ्याच्या डम्पिंगचा वास, म्हणून खिडकी बंद. मामा खूप वाळलेत. काढल्यावर वॉचमनची कामं केली, गुडघे गेले तशी तीही गेली. मी सगळं सांगितलं. त्या कागदाची प्रत माझ्या सहीच्या पत्रासोबत अहवाल मंजूर करणाऱ्यांना पाठवलीय, हेही सांगितलं. उत्तर अजून नाही.

मामांनी चष्मा लावून कागद पाहिला. पिवळ्याच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. "खाल्ल्यानी होता. मी बोललंय होतंय."

"हो, मामा."

"झाकणा तुमी बदललात, माका म्हायत होता. काढल्यावर दोन दिवस गेटाकडे उभो होतंय. म्हटलंय, मॅडम आता बोलवतली."

ते दोन दिवस मी मागच्या दाराने गेले होते. तेही त्यांना सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि सुनेला चहा एकच कप आण म्हणाले. तो माझ्यासाठी होता.