मुनिरा आपा आणि आपला माणूस

आमच्या गल्लीत असं बोललं जातं की मुनिरा आपा बायकांना मोबाईलमध्ये भरून परदेशात पाठवते.

हे कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या चतुराबाईंच्या तोंडून ऐकावं. आधी त्या डावीकडं बघतात, मग उजवीकडं, आणि मेथीच्या जुड्यांमागून हळूच म्हणतात, "एक बटन दाबलं का माणूस गायब! माझ्या डोळ्यांनी बघितलं. वर जाताना पोरगी होती, खाली आली ती नुसती पिशवी." ती पोरगी मोठी पिशवी पोटाशी धरून जिना उतरत होती आणि पिशवीमागं तिचं तोंड दिसत नव्हतं, एवढंच. पण आमच्या शहागंजात एकवेळ भाजीचा भाव उतरेल, बातमीचा उतरत नाही.

खरं सांगायचं तर आपानं आजवर एकाही माणसाला कुठंही पाठवलेलं नाही. बांगड्यांच्या दुकानावरच्या खोलीत ती साड्यांना फॉल-पिको करते आणि उरलेल्या वेळात एक ॲप बनवते. नव्या देशात उतरलेल्या माणसानं काय करायचं ते सांगणारं. कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, रविवारी दुकानं बंद म्हणून दूध शनिवारीच आणायचं, तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवायला जाताना काय काय न्यायचं. ॲपचं नाव 'पोचलीस का?'

"सगळे इतनाच पूछते," आपा म्हणते. "पोचलीस का? पोचले. खतम. उसके बाद कोण विचारतं?"

कॉम्प्युटरचं काम तिचा भाचा मुनीब करतो, पण ॲप दिसायचं कसं ते आपा ठरवते. पिवळ्या अस्तराच्या तुकड्यावर ती शिंप्याच्या खडूनं मोबाईलची चौकट आखते, आत बटणं काढते, मान मागं करून बघते आणि पुसून टाकते.

"ये बटन इतकं लहान कशाला? घाबरलेल्या माणसाचं बोट थरथरतं. मोठं कर."

"फुप्पी, मग बाकीचं बसत नाही," मुनीब कुरकुरतो.

"मग बाकीचं काढ."

मी समोरच्या घरात राहते आणि मला लोकांचे आवाज काढता येतात. आपानं एकदा खिडकीतून हाक मारली, "मोने, इधर आ. तू माझी नक्कल करते, मालूम है मला."

"नाही आपा, कोणी सांगितलं?"

"कर."

केली. मशीनसारखं कर्र करत सुरू होणारं बोलणं, मध्येच दोरा तोडल्यासारखी गप्प, आणि शेवटी नाकातून 'समजलं?' आपानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "नाक जास्त झालं. पण आवाज कामाचा आहे."

काम असं होतं. ॲपमध्ये सरावासाठी खोटे फोन येतात. पलीकडून कोणीतरी बोलतं आणि आपण उत्तर द्यायचं. मी विमानतळावरचा साहेब केला, आमच्या फिजिक्सच्या सरांना सर्दी झाल्यावर ते जसे बोलतात तसा. घरमालकीण केली, ती प्रत्येक वाक्यानंतर दार आपटायची. मुनीब दचकला. आपाच्या चेहऱ्यावर काहीच नाही.

"ह्यांना कोणी फसत नाही," ती म्हणाली. "परक्या माणसाला आपण घाबरतो, म्हणून सांभाळून राहतो. मला इथला, हर्सूलकडचा आवाज पाहिजे. 'अगं बाई, तू आपल्याकडची!' असा."

मग तिनं मस्कतची गोष्ट सांगितली, तीही सुईत दोरा ओवता ओवता. एका आजारी म्हातारीला सांभाळायला ती तिकडं गेली होती. बाजारात गजाला नावाची बाई भेटली. "तू शहागंजची? मेरा मैका वहींच तो है!" गजालानं घरी नेलं, खट्टी दाल खाऊ घातली आणि पासपोर्ट जपून ठेवायला मागितला. आपानं दिला. गजालाच्या घरात शहागंजचा वास होता, असं ती म्हणते. पुढं गजाला सांगेल त्या घरात, गजाला सांगेल तितकं काम, पासपोर्ट परत मिळेपर्यंत.

तेव्हापासून आपाचा कोणावरच भरोसा नाही. दूधवाल्यावर नाही, माझ्यावर तर नाहीच. ॲपमधल्या फसवणाऱ्या सगळ्या आवाजांचं काम मला दिलं, पण त्यांना काय उत्तर द्यायचं तो भाग कधी दाखवला नाही. मी मान पुढं केली की मोबाईलवर साडीचा पदर.

"तुझं काम फसवायचं. जवाब काय करायचाय तुला?"

आता मलाही संशय यायला लागला. इतकं झाकतात म्हणजे काहीतरी असणारच. चतुराबाईंचं गायब करायचं बटण त्या पदराखालीच असेल की काय!

गल्लीत कोणी ते ॲप घ्यायला तयार नव्हतं. पहिल्यांदा घेतलं ते सायलीनं. पिशवीवाली पोरगी ती हीच. गाव बिडकीन, इथं दवाखान्यात नर्स, राहायला होस्टेलवर. जर्मनीत नोकरी लागली म्हणून साड्यांना फॉल लावायला आली, तर आपानं साडी बाजूला ठेवून तिचीच उलटतपासणी घेतली. कोण नेतंय? पासपोर्ट कोणाकडं? तिकडं कोण ओळखीचं? 'ओळखीचं कोणी नाही' म्हटल्यावर आपा पहिल्यांदा हसली, "अच्छा है."

सायली महिनाभर सराव करत राहिली. मग एके दुपारी तिचे वडील आप्पासाहेब जिना चढून आले. खुर्ची दिली तर आधी हातानं हलवून बघितली. चहा आला तो आधी मुनीबला प्यायला लावला.

"बाई, सरळ सांगा. तुमचा ह्यात फायदा काय?"

"काही नाही."

"मग तर लईच अवघड हाय."

त्यांचं म्हणणं, पोरगी पाठवायचीच नाही. "आमची सायली 'आपलं माणूस' म्हणलं की विरघळती. लहानपणी जत्रंत एका बाईनं नुसतं 'ये गं, मी तुझी मामी' म्हणलं, तर ही तिच्या मांडीवर बसून भेळ खात होती. गावभर हुडकलं आम्ही! तिकडं कोण हुडकणार?"

"आता नाही विरघळणार," आपा म्हणाली.

"कशावरून?"

आपानं माझ्याकडं बोट केलं. "ही पोरगी तुमचाही आवाज काढेल. हिला फसवू द्या सायलीला. आत्ता, तुमच्या समोर."

आप्पासाहेबांनी मला खालून वर बघितलं. "बरं. फसली तर जाणं रद्द. नाय फसली तर मी स्वतः सोडायला जातो."

माझे कान गरम झाले. सायली फसणार याची मला खात्री होती, माझ्या आवाजाला आमची आईसुद्धा फसते. "आपा, लावता पैज?"

"लाव. हरलीस तर माझी नक्कल बंद. सायली पहिल्या सुट्टीला घरी येईपर्यंत."

"आणि जिंकले तर?"

"तर ॲप बंद," आपा म्हणाली आणि मशीनवरचं कापड सारखं केलं.

मुनीबनं नवीन सिमवरून होस्टेलवरच्या सायलीला फोन लावला, स्पीकर चालू केला.

"हॅलो, सायली का गं? अगं मी करुणाताई, बिडकीनची! तू जाणार ना, त्याच शहरात असते मी. सुट्टीला आलेय."

"अय्या! बिडकीनच्या? घर कुठं तुमचं?"

"मारुतीच्या देवळामागं की गं!" मारुतीचं देऊळ नसलेलं गाव मला अजून भेटायचंय. आप्पासाहेबांनी मान डोलावली, मग एकदम थांबवली.

"म्हणजे दगडाबाईच्या शेजारी!" सायलीचा आवाज फुलला.

"व्हय व्हय! भिंतीला भिंत."

"त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का हो?"

"झालं की. आता टुणटुण चालती. तुझं लई नाव काढती."

मी रंगात आले होते. आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला तसा मला आणखी चेव चढला. "ही काय, इथंच बसलीय माझ्याजवळ. बोल तिच्याशी." आणि मी गाल आत ओढून, दात नसलेली दगडाबाई झाले. "सायलेऽऽ! येवढूशी व्हतीस गं. माझ्या हातचं धपाटं खाऊन मोठी झालीस. ही करुणा आपलीच हाय बाळा. तिच्याजवळ पासपोर्ट दे, सांभाळून नेती."

"देते की आजी," सायली म्हणाली. मी आपाकडं जिंकल्यासारखं बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती. "फक्त एक सांगायचं राहिलं. आमच्या मारुतीमागं दगडाबाई कधी नव्हतीच. तुम्हाला मी आत्ता, ह्याच फोनवर जन्माला घातलं. नसलेल्या म्हातारीचा गुडघा बरा केलात, लई उपकार झाले. ठेवते."

ठेवला. दुसऱ्याच क्षणी आपाचा फोन वाजला, सायलीचाच. "आपा, एक नंबर सांगते, लिहून घ्या. आपल्याकडचा आवाज काढून फसवतायत. सगळ्यांना सांगा!"

पदराखाली झाकलेलं उत्तर हे होतं. जो 'आपला माणूस' म्हणून येईल, त्याला आपणच रचलेल्या एका खोट्या माणसाबद्दल विचारायचं. खरा असेल तर म्हणेल, कोण दगडाबाई? "चोर 'नाही' म्हणू शकत नाही," आपा म्हणाली. "आपल्याकडं पाहुण्यांत 'नाही' म्हणणं बरं दिसत नाही ना. तो 'व्हय व्हय' करत बसतो."

आप्पासाहेब बराच वेळ हसत होते. "अहो, म्हातारी मलाबी खरी वाटाय लागली व्हती! मी बसलो आठवत, देवळामागं ही कुठली राहती." मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "माझ्यातबी टाका ते."

आपाचे डोळे बारीक झाले. "तुम्ही कुठं निघालात?"

"कुठं नाय. पण 'वळखलं का आप्पा' म्हणून फोन तर इथंबी येतात."

सायली गेली. चतुराबाई आता सांगतात की मुनिरा आपानं फोनवर एक म्हातारी जिवंत केली. हे मला त्यांच्या आवाजात करता येतं, त्याला बंदी नाही. आपाचा आवाज काढणं मात्र बंद. लिहिण्याबद्दल पैजेत काही ठरलं नव्हतं म्हणून हे लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिची वाक्यं आली की मी आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं सपाट वाचत होते, कारण तिनं मुनीबला माझ्यासमोर पहाऱ्यावर बसवलं होतं.