पहिल्या घरचं पाणी

कुणी बंदूक घ्यायची म्हणून विचारायला आलं, की आबा लगेच उत्तर देत नसत. पायात वहाणा चढवत आणि म्हणत, "चल, तुझं रान दाव." रानात गेल्यावर डुक्कर कुठून येतं, राखणीचा माळा कुठं बांधणार, एवढं विचारून ते त्या जागी उभे राहत. हातातली काठी बंदुकीसारखी धरत आणि तिच्या टोकापुढं बराच वेळ पाहत राहत. मग विचारत, "गोळी निजनार कुठं?"

आबा माझे सासरे. भोर आणि वेल्ह्याच्या शिवेवर डोंगरउताराला आमची भातखाचरं आहेत, वरच्या अंगाला थोडं भुईमुगाचं रान. पीक राखायच्या परवान्यावर आबांकडं बारा बोअरची एकनळी बंदूक होती. मी भोरच्या एका वाचनालयात काम करते. घरात लिहितं माणूस आलं म्हणून परवान्याचे आणि वन खात्याच्या परवानगीचे अर्ज लग्नानंतर माझ्याकडं आले. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. "डुकरांना बरुबर कळतं, सूनबाई," आबा म्हणायचे. "आचारसंहिता लागली की पाव्हण्यावानी येत्यात."

आमच्या शेजारच्या पांडुरंगचा भुईमूग डुकरांनी एका हंगामात मुळासकट उकरला. परवाना मिळाल्यावर त्याच्या मनात भरली ती दुर्बीण लावलेली रायफल. पुण्यातल्या दुकानात तो आबांना घेऊन गेला. कागद वाचायला म्हणून मीही होते. दुकानदारानं रायफलीवरची दुर्बीण काढून आबांच्या हातात दिली. ते दारात उभे राहून रस्त्यापलीकडं पाहू लागले.

"काय दिसतंय, आजोबा?" दुकानदारानं हसत विचारलं.

"चहावाल्याच्या मिशा दिसत्यात. त्याच्या मागं कोन बसलंय ते न्हाई दिसत." मग दुर्बीण खाली करून म्हणाले, "ही गोळी जाती कुठवर?"

"तुमचा अख्खा डोंगर ओलांडेल," तो अभिमानानं म्हणाला.

आबांनी दुर्बीण काउंटरवर ठेवली. "मंग आमच्यात न्हाई चालायची."

परतीच्या एसटीत पांडुरंग खिडकीकडं तोंड करून बसला होता. नसरापूर गेल्यावर त्याला राहवलं नाही. "आबा, तुमची बंदूक जुनी, तुमी बी जुने. आमी काय डुकरांसाठी पेरायचं व्हय?"

"उद्या सकाळी ये," आबा एवढंच म्हणाले.

सकाळी त्याच्या रानात आबांनी काठी धरली, वरच्या खिंडीकडं रोखली आणि म्हणाले, "पांडा, हितनं नाकासमोर जा. पयलं घर लागंल तिथं पानी मागून पी, आन् माघारी ये."

"पान्याची बाटली हाय माझ्याजवळ."

"ती हितंच ठेव."

पांडुरंग बडबडत गेला. आम्ही बांधावर बसून राहिलो. उन्हं चांगली वर आल्यावर तो परत आला आणि आमच्याशेजारी बसला. खिंडीपलीकडं धनगरवाडा आहे हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. पण माळ्यावर बसून डुकराची वाट पाहणाऱ्याच्या डोक्यात तो धनगरवाडा नसतो. पहिलं घर भागूबाईचं होतं. ती अंगणात करडांना पाला टाकत होती.

"भागूबाय म्हनली, पोरी सकाळी खिंडीतनंच पान्याला येत्यात," पांडुरंग म्हणाला. "एकनळीच घेऊ, आबा?"

"घे. तिचा छर्रा लवकर दमतो. त्या रायफलीची गोळी दमतच न्हाई, बाबा."

आबांचं रायफलीशी वैर नव्हतं. आंबवड्याच्या एका शेतकऱ्याच्या रानामागं मातीची उभी दरड होती. त्याला त्यांनी स्वतः सांगितलं, "तू घे रायफल. दुर्बीण बी घे, पन लई जवळ दावनारी नको. डुक्कर मोठं दिसतं तसं हाताचं कापरं बी मोठं दिसतं. आन् माळ्यावरनं खालीच मारायचं, मातीत." सारोळ्याकडच्या सपाट मळ्यावाल्याला मात्र त्यांनी एकनळीही घेऊ दिली नाही, कुंपण घालायला लावलं. अशी माणसं दूरवरून यायची. काही जण रागावून जायचे. नंतर कधीतरी पेढे घेऊन येत.

एका भल्या पहाटे आमच्याच रानात कळप शिरला. मी चहा घेऊन गेले तेव्हा फटफटत होतं आणि आबा माळ्यावर होते. मोठं डुक्कर वरच्या बांधावर चढून उभं होतं, अगदी स्पष्ट, मागं उघडं आभाळ आणि पोरींची पाण्याला यायची खिंड. आबांनी बंदूक उचललीच नाही. डुक्कर सावकाश खाली उतरलं, कळपाबरोबर उरलेला भुईमूग उकरून निघून गेलं. त्या वर्षी आम्हाला बियाण्यापुरत्याही शेंगा राहिल्या नाहीत. पारावर पांडुरंगनं संधी सोडली नाही. "काय आबा, नेम चुकला म्हनं?"

"धरलाच न्हाई, तर चुकंल कसा?"

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. ते घरी आले, रिकामी बंदूक पुसली, खिळ्याला लावली आणि रोजच्यासारखी भाकरी मागितली. पीक गेलेल्या दिवशी इतक्या शांतपणे जेवणारा माणूस मी पुस्तकातही पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी आबा गेले. थोडंसं दुखणं, आणि मग गेलेच. बंदूक ठाण्यात जमा झाली. यंदा भात भरात असताना डुकरांनी निम्मं खाचर लोळवलं. माझे यजमान विलास परवाना आपल्या नावानं करायला निघाले, आणि म्हणाले, "आता रायफलच घेऊ. दुर्बिणीची. अर्ज लिही."

"आधी पाणी पिऊन या," मी म्हटलं.

"लहानपणापासून शंभरदा प्यालोय तिथं."

मग मीच निघाले. आमच्या माळ्यापासून नाकासमोर, खिंड चढून पलीकडं. दम लागला होता. भागूबाई आता पुरती म्हातारी झाली आहे. सरळ उतारावरनं कुणीतरी येताना बघून ती आत गेली आणि मी अंगणात पोचायच्या आधीच तांब्या घेऊन बाहेर आली.

"आबांची सून न्हवं तू? घे, पी." मग माझ्या तोंडाकडं बघत तिनं विचारलं, "कोन घेतंय गं बंदूक?"

किती जणांना त्या बाईनं असं पाणी पाजलं असेल, ते मला तेव्हा कळलं. मागं तिची नात करडाला कडेवर घेऊन उभी होती. आबांचा त्या क्षणी वाटला तेवढा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. सगळं पाणी पिऊन मी तांब्या परत दिला आणि म्हटलं, "आम्हीच. पण आबांचीच."

घरी येऊन अर्ज लिहायला बसले. त्यात शस्त्राच्या प्रकाराचा एक रकाना असतो. मी तिथं ‘एकनळी’ लिहिलं आणि कागद विलासांपुढं सरकवला. त्यांनी तो शब्द वाचला, मग माझ्या पायांवरची खिंडीतली लाल माती पाहिली, आणि सही केली.