जावईकाटा

माझ्या बायकोच्या मामांइतका वेळेचा हौशी माणूस नाशकातच काय, गोदावरी जिथे जिथे जाते तिथे कुठेही सापडायचा नाही. वेळ पाळणारा असं मी म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या. मामा कुठेही वेळेवर पोहोचत नाहीत. त्यांना हौस आहे ती वेळ मोजण्याची, आणि मोजत बसल्यामुळेच उशीर होतो. ओझरला विमानांच्या कारखान्यात तपासणी खात्यात त्यांनी उभी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर मेनरोडवरच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडून चावीचं एक जुनं घड्याळ घेतलं. त्याच्या पोटात तीन छोट्या तबकड्या आणि उजव्या कुशीला, चावीच्या वर-खाली, दोन कळा. त्या दिवसापासून कुकरची दुसरी शिट्टी आणि तिसरी शिट्टी यांच्यामधलं अंतर आमच्या घराण्यात चर्चेचा विषय झालं. मिसळीची ऑर्डर दिली की मामा वरची कळ दाबत, रश्श्याची वाटी टेबलावर टेकली की पुन्हा दाबत, आणि वाढणाऱ्याला म्हणत, “गेल्या रविवारपेक्षा चाळीस सेकंद जास्त. तब्येत बरी आहे ना?” मुंबई नाक्याच्या सिग्नलला ते हिरवा दिवा मोजत, त्यामुळे दिवा हिरवा असताना त्यांची स्कूटर उभीच असे आणि मागचे लोक त्यांच्या पूर्वजांची आठवण काढत. माझ्या लग्नात भटजी अक्षता वाटायला सांगत असताना हे मंडपाच्या खांबाशी मनगट डोळ्यांना लावून उभे. मंगलाष्टकं नऊ मिनिटं बेचाळीस सेकंद चालली, हा आमच्या लग्नाचा एकमेव दस्तऐवज आहे. व्हिडिओवाल्याची कॅसेट बिघडली.

पण मोजण्याहून मोठी हौस म्हणजे समजावून सांगण्याची. आलेल्या माणसाला पाण्याआधी घड्याळ मिळे. “हे ताट समजा,” मामा सुरुवात करत, “आणि या तीन वाट्या. हा मधला लांब काटा बघा, बाराच्या आकड्यावर नुसता उभा आहे. हा जावई. सगळ्यांत मोठा, सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे, काम शून्य. कळ दाबून बोलावल्याशिवाय जागचा हलणार नाही. आणि ही डावीकडची वाटी, त्यातला एवढासा काटा. ही घरची सून. दिवसरात्र पळतेय, खरे सेकंद ती मोजते, पण बघतो कोण तिच्याकडे?” इथे मामी आतून भांडं आपटत. मग मामा वरची कळ दाबत आणि जावई चालायला लागे. त्याची एक फेरी झाली की उजव्या वाटीतला काटा एक घर पुढे. अशी तीस घरं, म्हणजे अर्धा तास, की तो काटा पुन्हा पहिल्यापासून. मग किती अर्धे तास झाले हे कोण सांगणार? तर खालची वाटी. तिथला काटा तासांच्या रेघांमधून सावकाश सरकतो. तो दोन रेघांच्या मध्याच्या अलीकडे असेल तर उजव्या वाटीत दिसतात तेवढीच मिनिटं. मध्य ओलांडला असेल तर त्यात तीस मिळवायची. लोक हे हमखास विसरत, आणि मामा खऱ्या दुःखाने म्हणत, “तुम्ही माझा अर्धा तास खाल्लात.”

आता कबूल करतो. मला यातलं काहीही कळत नव्हतं. समोर बहुधा मामींच्या हातची साबुदाण्याची खिचडी असे, माझं लक्ष तिच्यात, आणि मान मात्र योग्य त्या ठिकाणी डोलत असे. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याला समजतं असा लोकांचा समज असतो, आणि तो मी आयुष्यात कधी दूर केला नाही.

मामांची एकुलती एक लेक कॅनडात असते. दर रविवारी सकाळी तिचा फोन, सरासरी चार मिनिटं. त्यात ‘जेवलात का’ आणि ‘गोळ्या घेता ना’ एवढंच मावे. एका रविवारी मात्र काय झालं कोण जाणे, ती बोलतच राहिली. शाळेतल्या मैत्रिणी, अंगणातला पेरू, तिकडचा बर्फ, आईच्या पुरणपोळीत जायफळ किती. फोन ठेवल्यावर मामांनी कळ दाबली आणि काटे थांबवले ते थांबवलेच. खालची कळ दाबली की सगळं पुसून काटे बारावर येतात. ती कळ त्यांनी दाबलीच नाही. मोजणं तेव्हापासून बंद, कुकर मोकळा सुटला. चावी रोज द्यायची, सून पळत राहायची, पण जावई विसाव्या सेकंदावर उभा. आल्यागेल्याला पुढे करून म्हणत, “वाचा.” सगळे वाचत, एक तास अठरा मिनिटं. मला मामींनी स्वयंपाकघरातच सांगून ठेवलं होतं, “एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं, वीस सेकंद म्हणा जावईबापू, म्हणजे सुटाल.” मी तसं म्हटलं. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “या घरात घड्याळ कळणारा एकच माणूस आहे.”

पुढे हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मामा तीन दिवस दवाखान्यात होते आणि मामी त्यांच्यापाशी. झाडांना पाणी आणि घड्याळाला चावी, ही माझी कामं. “बाकी कशाला हात लावायचा नाही. पण तुम्हाला काय सांगायचं,” असं मामा म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी चावी देऊन मी घड्याळाकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मोठा काटा ढिम्म. माझी अशी पक्की समजूत की फोनचा आकडा वाट्यांमध्ये आहे आणि मोठा काटा हा साधा सेकंदकाटा. तो थांबला म्हणजे चावी जास्त झाली, घड्याळ गेलं. घाबरून वरची कळ दाबली. काटा चालू झाला. मी देवाचे आभार मानून गच्चीवर कुंड्यांना पाणी घालून आलो. बघतो तर उजव्या वाटीतला काटा चार घरं पुढे. पुन्हा वरची कळ दाबली, सगळं थांबलं. आता मागे आणायचं म्हणून खालची दाबली. शाळा सुटावी तसे तीन काटे एका झेपेत बारावर. डावीकडे सून पळत होती, काही घडलंच नाही अशी.

घरी आल्यावर मामांनी घड्याळ हातात घेतलं आणि तिन्ही काटे बारावर पाहिले. मग म्हणाले, “दवाखान्यात जायच्या गडबडीत मीच दाबली असणार. आठवत नाही.” मी समोर होतो. मी मान डोलावली.

त्यानंतरचं सव्वा वर्ष मला सांगवत नाही, पण सांगतो. आठवत नाही म्हणजे डोकं कामातून गेलं, असं मामांनी ठरवलं. स्कूटर विकली. शेजारपाजारचे मिक्सर, पंखे दुरुस्त करून देत, ते बंद केलं. म्हणाले, “तपासणी खात्यातला माणूस मी. ज्या हातानं काय केलं ते सांगता येत नाही, तो हात नापास.” मामींनी गॅसपाशी चिठ्ठी लावली, ‘बंद केला का?’ आणि एक दिवस मामांनी मला बोलावून घड्याळ रुमालात गुंडाळून पुढे ठेवलं. “आता हे तुमच्याकडे. तुम्हाला कळतं.”

मी रुमाल परत सरकवला. “मामा, जरा बोलायचं होतं.”

जुन्या सवयीने त्यांनी रुमाल उलगडला आणि अंगठा वरच्या कळीवर गेला. टक्. मी सगळं सांगितलं. कुंड्या, कळा, खिचडी, मामींचं प्रॉम्प्टिंग, इतक्या वर्षांचं मान डोलावणं. मधे चहा आला, गार झाला. संपलं तेव्हा पुन्हा टक्.

आधी मामी बोलल्या. “म्हणजे यांचं डोकं ठीक आहे? मग गॅसवरची चिठ्ठी काढू?”

“राहू दे,” मामा म्हणाले, “दूध तूच उतू घालवतेस.”

मग माझ्याकडे न बघता त्यांनी घड्याळ पुढे केलं. “वाचा.”

मी ते डोळ्यांजवळ धरलं. जावई पाचव्या सेकंदावर. उजव्या वाटीत अकरा. तोंडात अकरा आलंही होतं. मग खाली पाहिलं. एवढासा काटा पहिल्या रेघेपर्यंत पोचला नव्हता, पण मध्य ओलांडून गेला होता.

“एक्केचाळीस मिनिटं, पाच सेकंद.”

“अर्धा तास खाल्ला नाहीत,” मामा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “सव्वा वर्ष खाल्लंत.” आणि मग घड्याळ मनगटावर चढवत, “राहू दे हे माझ्याकडेच. तुम्हाला आत्ता कुठे कळायला लागलंय.”

परवा गेलो तर ओट्यावर कुणाचा तरी मिक्सर उघडा पडला होता. लेकीचा फोन रविवारी येतो, चार मिनिटं. तो एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं वीस सेकंद गेले ते गेलेच, ते कुठल्याच वाटीत परत येणार नाहीत. खालची कळ मात्र मामांनी या खेपेलाही दाबलेली नाही. माझी एक्केचाळीस मिनिटं अजून तिथेच आहेत. आल्यागेल्याला ते घड्याळ पुढे करतात, म्हणतात, “वाचा.” सगळे अकरा म्हणतात. मामा तेव्हा माझ्याकडे बघतात, आणि मी मान डोलवत नाही.