वांग्यांचं इथेन

लॅबमधल्या काचेच्या नळ्या फुटून कमी होत जातात, किस्से मात्र वाढतच जातात. तेलगावजवळच्या ज्युनिअर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवायचो. कॉलेज साखर कारखान्याच्या सोसायटीचं आणि साल दुष्काळाचं. त्यामुळे सामान कमी, पाणी त्याहून कमी, किस्से भरपूर!

त्या वर्षी बारावीला सुनीता होती. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती चुलत्याकडे. चुलत्यानं सांगूनच टाकलं होतं, केमिस्ट्रीत पास झाली तर शिकवू, नाहीतर मे महिन्यात लग्न. पोरगी हुशार, पण परक्या माणसासमोर तिची वाचाच बसायची. मला तिची फार काळजी वाटायची.

*

डिस्टिलेशनला कंडेन्सरमधून सारखं थंड पाणी सोडावं लागतं. टँकर यायचा चार दिवसांआड. आमचे लॅब असिस्टंट रंगनाथमामा वर एक घागर टांगायचे, खाली बादली लावायचे. बादलीत पडणारं पाणी छान कोमट. ते फेकणं मामांच्या जिवावर यायचं. पुढं पुढं प्राचार्य सकाळी टॉवेल घेऊनच यायला लागले. दारातूनच विचारायचे, "आज डिस्टिलेशन आहे ना?"

*

एकदा पोरांकडून एस्टर बनवून घेतलं. त्याला पिकल्या केळ्याचा वास येतो. कॉलेजभर घमघमाट! हेडक्लार्कांचा नेमका उपवास. त्यांनी स्टाफरूमची कपाटं धुंडाळली, माझा डबासुद्धा उघडून बघितला. शेवटी मी त्यांच्यासमोर परीक्षानळी धरली. डोळे मिटून त्यांनी ती हुंगली आणि म्हणाले, "वास उपवासाला चालतोय, सर. आजून जरा बनवा."

*

रेणूंच्या मॉडेल्सचा ठराव सोसायटीत अडकून पडलेला. मग मामांनी वांगी आणली, ते कार्बन. बोरं म्हणजे हायड्रोजन आणि बाभळीचे काटे म्हणजे बंध. दोन वांगी, सहा बोरं, इथेन झोकात तयार. मी फळ्याकडं वळलो, परत बघतो तर दोन्ही वांग्यांचं एकेक बोर गायब! तोंडं सगळ्यांचीच हलत होती. मी भडकलो. सुनीता शांतपणे उठली आणि दोन वांग्यांच्या मधे आणखी एक काटा खोचून बंध दुहेरी केला आणि म्हणाली, "जाऊ द्या सर, इथीन झालं."

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, कपाळावर आठ्या घेऊनच. दाराशी मामा आणि सुनीताचा चुलता उभे. पहिल्या दोन प्रश्नांना पोरगी गप्प. तिसरा प्रश्न आला, फ्री रॅडिकल म्हणजे काय?

तिनं एकदा दारातल्या चुलत्याकडं बघितलं. मग म्हणाली, "अर्धा कोयता, सर."

परीक्षक शहरातले, त्यांना काही कळेना. तिनंच समजावलं. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम जोडीच घेतो, एकटा माणूस अर्धाच धरतात. "फ्री रॅडिकलमधल्या एकट्या इलेक्ट्रॉनचं तसंच हाय. जोडी पाहिजेच, म्हणून दिसंल त्याला धरतो. लई रिअ‍ॅक्टिव्ह."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. हे कुठल्या पुस्तकात आहे, म्हणाले.

"पुस्तकात न्हाई, सर. नापास झाले तर ते दारातले चुलते माझीबी जोडी लावायलेत."

परीक्षक उठले, दाराशी गेले आणि चुलत्याला म्हणाले, "हिची जोडी जमवायची घाई करू नका. ही एकटीच स्टेबल आहे."

चुलता गोंधळला. त्यानं हळूच मामांना विचारलं, "स्टेबल म्हंजे पास का?"

मामा उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "पासच्याबी वर."