बाहेर फुगलेली निळी वायर

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितेय, डोकं चालत नाहीये.

आज सेमिनारला मला पीएनए, म्हणजे डीएनएची माणसाने बनवलेली नक्कल, दाखवायची होती. मॉडेल आईने विणलं. ती वायरच्या पिशव्या विणून कॅम्प दोनच्या बाजारात विकते. डीएनएच्या दोन निळ्या वायरींत पीएनएच्या दोन लाल घुसतात, एका निळीला घट्ट धरतात आणि दुसरी मध्येच बाहेर फुगते, असं तिला समजावलं होतं.

सरांसमोर बघते तर तिने फुगलेली निळी नीट आत विणलेली. मार्क गेले.

घरी येऊन चिडले. ती म्हणाली, "अगं, बाहेर राहिली तर कशातही अडकेल. तुमच्या त्या डीएनएत ती कशात अडकते?"

सेमिनारला मी तासभर लाल वायरींबद्दलच बोलले होते. त्या निळीचं पुढे काय होतं, कुणाला माहीत आहे?