ओळखीच्या फादरना चुकवायला बदलापूर ते उल्हासनगर

बदलापूरहून उल्हासनगरला लोक कपडे घ्यायला जातात, फर्निचर बघायला जातात. मी गेलो कन्फेशनला. आमच्या चर्चमध्ये फादर आहेत, चांगले आहेत, घरापासून पाच मिनिटांवर आहेत, आणि अडचण नेमकी तीच होती. मी क्वायरमध्ये गातो. कन्फेशनच्या जाळीआडून माझा आवाज ते झोपेतही ओळखतील.

पाप काय ते आधीच सांगून टाकतो. ख्रिसमसच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मी गाणं भलत्याच पट्टीत उचललं आणि सगळा क्वायर आपटला. बाहेर केक वाटताना लोक विचारायला लागले, तेव्हा मी बिनदिक्कत म्हणालो, फिलिपकाकांनी सूर चुकीचा दिला, कान गेलेत त्यांचे. काका तीस वर्षं आमच्याकडे कीबोर्ड वाजवतायत. त्या दिवसानंतर ते सरावाला आलेच नाहीत. खोटी साक्ष देऊ नको, देवाच्या दहा आज्ञांतली आठवी. ईस्टर दहा दिवसांवर आला आणि मला सरळ उभं राहून गाता येईना.

शनिवारी सकाळी स्कूटर काढली. अंबरनाथपर्यंत रस्ता बरा आहे, कंपन्यांचे ट्रक तेवढे सांभाळा. तिथल्याच आनंदनगरच्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. दिवसभर गेज लावून माल पास-नापास करायचा. गेज चूक दाखवतं, दुरुस्त करत नाही. दहा आज्ञांचंही मला तसंच वाटतं. अंबरनाथलाच उरकता आलं असतं, पण तिथल्या क्वायरशी आमची दरवर्षी स्पर्धा असते. त्यांच्या अंगणात जाऊन पाप सांगायला मी काही वेडा नव्हतो.

उल्हासनगरला आधी दाल पकवान खाल्लं. ईस्टरआधीच्या उपासकाळात मटण बंद, त्यामुळे हे फार सोयीचं. साठ रुपयांत पोट भरतं, पण लवकर जा, दहानंतर पकवान मिळेलच असं नाही. सिंधी दुकानदाराला कुठे निघालोय ते सांगितलं, तर म्हणाला, "इतना दूर सिर्फ बोलने को? फोन करायचा ना, साईं."

चर्चमध्ये रांग छोटी होती. गुडघे टेकले, आवाज जाड केला आणि सुरुवात केली. जाळीपलीकडून प्रश्न आला, "नीलेश, घसा बसलाय का तुझा?"

आमचेच फादर. ईस्टरच्या आधी लोकांना संकोच वाटू नये म्हणून आजूबाजूचे फादर एकमेकांच्या चर्चमध्ये कन्फेशन ऐकायला जातात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. बदलापुरात थांबलो असतो तर आयता अनोळखी फादर मिळाला असता.

मग नेहमीच्या आवाजात सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "देवाची क्षमा पूर्ण आहे, तिच्यात काही बाकी राहत नाही. पण काकांचं नाव तू घालवलंस. ते तूच परत नेऊन दे." त्याऐवजी 'नमो मरिया' ही प्रार्थना पन्नास वेळा म्हटली तर चालेल का, असं मी विचारून पाहिलं. नाही म्हणाले.

येताना रस्ता फारच लवकर संपला. काका बदलापूर गावात राहतात. काकूंनी चहा ठेवला, आणि तो उकळायच्या आत मी बोलून मोकळा झालो.

"मी कान तपासून आलो रे," काका म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, ठणठणीत आहेत. मला पटेना. म्हटलं, नीलेश कशाला खोटं बोलेल?"

त्यापेक्षा दोन कानाखाली मारल्या असत्या तर बरं झालं असतं. रविवारी मिस्सानंतर सगळ्यांसमोर मी खरं सांगितलं. माझी भरपूर टिंगल झाली, ती अजून चालू आहे, आणि ती मला चालते.

ईस्टरला काका वाजवायला आले. उत्तम वाजवलं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, हलकं वाटतंय का? वाटतंय, खरंच वाटतंय. फक्त काका आता प्रत्येक गाण्याआधी सूर देतात आणि बरोबर आहे ना म्हणून माझ्याकडे बघतात. पूर्वी बघायचे नाहीत.