थाप कुठं पडते

देवरूखच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथे मी आशाताई म्हणून काम करते. कुणाचं रक्त बघून मी घाबरत नाही. पण मासिक बैठकीत अहवाल मोठ्यानं वाचायचा म्हटलं की मी मागच्या रांगेत जाऊन बसते. अहवाल मराठीत, पण मधेमधे लांबलचक इंग्रजी शब्द ठाण मांडून बसलेले. एकदा 'इम्युनायझेशन'वर तीनदा अडखळले आणि वाचन सोडून खाली बसले. बायका फिदीफिदी हसल्या. घरी येऊन मी जाहीर केलं, पुन्हा असं झालं तर हे काम सोडणार. आणि मी बोलते ते करते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

सासऱ्यांनी ऐकलं. ते जाखडी नाचाला ढोलकी वाजवतात. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही. "लांबडा बोल आमी एकदम गिळत नाय गो," ते म्हणाले. "तुकडं पाडतो. मंग थाप कुठं पडते ती धरतो."

मी मोबाइलला शब्द बोलायला लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मांडीवर वाजवलं: इ-म्यु-नाय-झे-शन. थाप 'झे'वर. 'हायपरटेन्शन'मध्ये 'टेन'वर. आठवडाभर घरात हेच चाललं होतं, सासूबाई वैतागल्या. एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "शेपटीला 'शन' आला का थाप आदल्या तुकड्यावर." मी अहवालातले असले सगळे शब्द तपासले. एकही चुकला नाही.

बैठकीत नव्या डॉक्टरबाईंनी ऐनवेळी वेगळाच कागद हातात दिला. त्यात 'कॉन्ट्राइंडिकेशन'. असला शब्द मी जन्मात पाहिला नव्हता. हात आपसूक टेबलावर वाजला: कॉन्-ट्रा-इन्-डि-के-शन. थाप 'के'वर. टेबल वाजलं म्हणून बायका हसल्या, पण शब्द सरळ बाहेर आला होता. "पहिल्या वर्षी हा मलाही जमत नव्हता," डॉक्टरबाई म्हणाल्या. काम सोडायचा विषय तिथेच मिटला.

पुढच्या बैठकीआधी चौघीजणी कागद घेऊन आमच्या घरी आल्या. सगळ्यात मोठ्यानं हसलेली सगळ्यांच्या पुढे. "आजोबा, आमाला पण शिकवा," ती म्हणाली. सासरे उठून आत गेले. मला वाटलं, रागावले.

ते बाहेर आले तेव्हा अंगात लग्नाकार्याचा इस्त्रीचा सदरा होता. माझ्याजवळ वाकून त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर आसंच येतात ना गो वर्गात?"